दिव्याकडे न बघता

शहराबाहेर नेणाऱ्या पुलाचा चढ संपता संपता थोरोबाच्या समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. किल्ली फिरवल्यावर क्षणभर लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात, त्या दिव्यांपैकी एक. छोटा चौकोन, त्यात एक अधिक, एक उणे. चालत्या गाडीत त्याने लागायचं काही कारण नव्हतं. थोरोबाने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर स्टिअरिंगवरचा हात जरासा वर सरकवला. मनगटाआड दिवा झाकला गेला. शेजारच्या सीटवर मावशी मान मागे टाकून बसली होती. तिला तिथून तो दिसणं शक्य नव्हतं, आणि दिसला असता तरी त्याचा अर्थ कळला नसता. मग आपण तो झाकला कुणापासून, असं त्याच्या मनात आलं आणि पुलाच्या उतारावर मागे राहून गेलं.

मावशीच्या पायांशी तिचं ऑक्सिजनचं मशीन होतं. पाण्याच्या कॅनएवढं, करड्या रंगाचं. ते आत हवा ओढल्यासारखा आवाज करी आणि मग फुस्स करून सोडून देई. त्यातून निघालेली नळी तिच्या कानांवरून नाकात गेली होती, आणि त्याची वायर गाडीच्या सॉकेटमध्ये, जिथे एरवी थोरोबाचा फोन चार्ज होत असे. सॉकेटच्या तोंडाशी हिरवे आकडे दिसत. गाडीच्या बॅटरीत किती जोर आहे ते सांगणारे.

"काय झालं रे?" मावशीने डोळे न उघडता विचारलं.

"कुठे काय?"

"श्वास रोखलास."

"ट्रक आडवा आला होता."

ट्रक नव्हता. रस्ता मोकळा होता, सकाळची गर्दी ओसरली होती, आणि हिरव्या आकड्यांत बारा पूर्णांक एक दिसत होतं. बऱ्या दिवसांत तिथे चौदाच्या आसपास असायचं. म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर काही करत नव्हता, आणि गाडी बॅटरीत आहे तेवढ्यावर चालली होती. नळ गेल्यावर टाकीतलं पाणी वापरावं तशी. आणि हे त्याला माहीत होतं, हीच गोष्ट वाईट होती. गॅरेजवाल्याने बॉनेट लावता लावता सांगितलं होतं, अल्टरनेटरचे कार्बन संपत आलेत साहेब, लांब जाणार असाल तर आधी बदलून घ्या. थोरोबा "बघू" म्हणाला होता. हा शब्द त्याच्या तोंडात इतका बसला होता, की त्याच्या मुलीने लहानपणी बोलायला लागल्यावर पहिल्या काही शब्दांत तोच उचलला. सगळे हसले होते. त्याची बायकोही हसली होती, पण थोडी उशिरा.

थोरोबा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसायचा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतलं बटण दाबत आणि त्यांचा आवाज थोरोबाच्या कानात येई. कुणी शिव्या देत, कुणी रडत, एखादी बाई नुसती जोरजोरात श्वास घेत राही. त्याने म्हणायचं, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा निघालेला नसे. तो दुसऱ्या टोकाच्या इमारतीत तेलकट हातांनी दोरखंडाखाली उभा असे, किंवा डबा खात असे. पण अडकलेल्याला माणसाआधी आवाज हवा असतो, असं थोरोबाच्या साहेबांचं म्हणणं होतं, आणि थोरोबाचा आवाज चांगला होता. भरदार, न घाईचा. इतक्या वर्षांत तो घरीही तसाच निघायला लागला होता. मुलीला ताप आला तरी, बायकोने मोठ्याने विचारलं तरी, "अगं होईल, निघालंय सगळं," असं तो बोले आणि बोलून झाल्यावर त्याला खरंच काहीतरी निघाल्यासारखं वाटे. आताही तो त्याच आवाजात म्हणाला, "मावशी, एसी बंद करू का? बाहेर वारा छान आहे."

"कर की," मावशी म्हणाली. "त्या गार हवेने नाक दुखतं माझं."

बाहेर वारा नव्हता. काच खाली केल्याबरोबर तापलेल्या डांबराचा वास आणि सिमेंटच्या गोदामांची पांढुरकी धूळ आत आली. मावशीने पदर नाकावर धरला, नळीसकट. नाक दुखल्याचं ती आजवर कधी बोलली नव्हती. थोरोबाने पंखा बंद केला, गाणी बंद केली, आपला फोन वायरवरून काढून खिशात टाकला. बंद करण्यासारखं आणखी काय आहे, ते शोधत त्याची बोटं बटणांवरून फिरत राहिली. बारा. मग अकरा पूर्णांक नऊ. परत वळता आलं असतं. पुलापलीकडे गॅरेज होतं, घर होतं, भिंतीत सॉकेट होती. पण घरी आतापर्यंत बायकोने मावशीच्या पलंगावरची चादर काढली असेल, खिडकी उघडली असेल. मावशी जिना उतरत असताना ती वरून बघत उभी होती आणि तिने नुसता हात वर केला होता, हलवला नव्हता. त्या हाताखालून परत जिना चढायचा, ही कल्पना थोरोबाला दिव्यापेक्षा नकोशी वाटली.

कारण आधी ठरलं होतं ते वेगळंच होतं. मावशी वर्षानुवर्षं धाकोबाकडे असायची. थोरला तो थोरोबा आणि धाकटा तो धाकोबा, ही नावं तिनेच पाडलेली. थोरोबाच्या डोक्यावरचे केस गेले, धाकोबाला चष्मा लागला, नावं तशीच राहिली. धाकोबाची गावाबाहेर रोपांची नर्सरी होती, पुढे घर, मागे हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा. तिथे मावशी सकाळी बसून वाळलेली पानं खुडायची. मग धाकोबाच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं आणि धाकोबाने आयुष्यात पहिल्यांदा भावाकडे काही मागितलं. "दादा, ही हिंडायला-फिरायला लागेपर्यंत मावशीला ठेवशील?" थोरोबा "अरे, हे काय विचारणं झालं!" म्हणाला होता, चांगल्या आवाजात. आणि आता धाकोबाची बायको अजून कमरेला पट्टा बांधून, भिंतीला धरून चालत होती, आणि तो मावशीला परत नेत होता. फोनवर तो भावाला म्हणाला होता, "हिला झेपत नाही रे. शाळा सांभाळून हिला फार होतं." हिला म्हणजे बायकोला. बायको त्या वेळी आतल्या खोलीत मावशीची नखं कापत होती. तिने ऐकलं असेल की नाही, हे त्याने तिच्या चेहऱ्यावर शोधलं नव्हतं. शोधलं असतं तर सापडलं असतं. झेपत नव्हतं ते त्याला. मावशीला अंघोळ घालायला तो नव्हता, औषधं द्यायला नव्हता, त्याला नुसतं भिंतीपलीकडून ते मशीन ऐकू यायचं. ओढणार, सोडणार. ओढणार, सोडणार. आणि मध्येच एखादं ओढणं लांबलं की तो अंथरुणात डोळे उघडून पुढच्याची वाट बघत पडे, आणि पुढचं आलं की त्याला सुटका वाटायची आणि तिच्यामागोमाग आणखी एक काहीतरी वाटायचं, ज्याला त्याने नाव दिलं नव्हतं. ते काय होतं, ते मावशीच्या शेजारी बसून आठवायचं नव्हतं. त्याने गिअर बदलला.

गाडीने एक आचका दिला. अगदी लहान, उचकी लागल्यासारखा. अकरा पूर्णांक सात. थोरोबाला कळत होतं की बॅटरीवर सगळ्यात मोठा भार आता त्या मशीनचा आहे. मशीनमध्ये त्याची स्वतःचीही बॅटरी असते, ती थोडा वेळ काढते. त्याने हिशेब असा केला, की गाडीची बॅटरी गाडीला राहू दे, मशीनची मशीनला, आणि धाकोबाचं घर तर आता येईलच. हिशेब बरोबर होता. फक्त मशीनची बॅटरी रात्री चार्ज करायला लावायची ती लावलेली नव्हती, आणि जादाची जी एक होती ती गॅलरीतल्या फळीवर चार्जिंगला लावलेलीच राहिली, हे त्याला हात पुढे करता करता आठवलं. हात थांबला नाही. थांबायचं म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायची आणि धाकोबाला फोन करायचा. तुझ्याकडे तुझी मावशी परत टाकायला येतोय, तर तेवढं येऊन आम्हाला घेऊन जा, असं म्हणायचं. मावशीचे डोळे मिटलेले होते. त्याने दोन बोटांत प्लग धरला आणि हळूच, उकळत्या भांड्यावरचं झाकण उचलावं तसा, बाहेर काढला.

मशीन दोनदा वाजलं. टुक, टुक. मग पहिल्यासारखंच ओढायला-सोडायला लागलं.

मावशी हलली नाही. तिच्या पापण्या हलल्या नाहीत, आणि थोरोबाला भीती वाटली ती त्याचीच. घरी हे मशीन टुक वाजलं की मावशी गाढ झोपेतून उठायची. बायको सांगायची, दूधवाल्याच्या घंटेला उठत नाहीत, पण ह्या आवाजाला उठतात. झोपलेल्या माणसाच्या पापण्या थोड्या तरी थरथरतात. ह्या मिटलेल्या नव्हत्या, मिटून धरलेल्या होत्या. की नव्हत्या? तो रस्त्याकडे बघत होता आणि रस्ता दिसत नव्हता. तिने एकदा डोळे उघडून "प्लग का काढलास?" असं विचारावं, म्हणजे सांगता येईल, गाडी बिघडलीय, घाबरू नकोस. ती विचारत नव्हती. त्याला अवघड होऊ नये म्हणून ती झोपली होती. हे लक्षात आलं तेव्हा त्याच्या कानांपासून मानेपर्यंत काहीतरी कढत उतरलं. प्लग अजून त्याच्या हातात होता. तो कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून त्याने मांडीखाली सरकवला.

आई गेली तेव्हा थोरोबा शाळेत जायला लागलेला आणि धाकोबा अजून रांगत होता. मावशी घोंगड्या-ब्लँकेटच्या कारखान्यात कामाला होती. संध्याकाळी ती दारात आली की ओळखू यायची नाही. भुवयांवर, केसांत, ओठांवरच्या लवेवर, सगळीकडे लोकरीच्या तंतूंची पांढरी-निळी पिंजण. म्हाताऱ्या माणसाचं सोंग घेतल्यासारखी. दारातच ती उकिडवी बसे, डोळे मिटे आणि म्हणे, "चला, मला तरुण करा." मग दोघांनी तिच्या तोंडावर फुंकर घालायची. धाकोबाला फुंकता यायचं नाही, तो थुंकी उडवायचा. थोरोबा गाल फुगवून जोरात फुंके आणि पिंजण उडून दिव्याखाली तरंगे. जी बाहेरून उडाली ती त्यांनी पाहिली. आत गेली ती डॉक्टरांनी पुष्कळ वर्षांनी काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवली. तेव्हा थोरोबा दवाखान्यात मान हलवत उभा होता, आणि त्याच्या मनात आलं होतं ते इतकंच, की धाकोबा हिच्या जवळ राहतो ते एक बरं आहे.

मशीन ओरडायला लागलं. आता टुक-टुक नव्हे, सलग. छोट्या पडद्यावर बॅटरीचं रिकामं चित्र लुकलुकत होतं.

मावशीने डोळे उघडले. "संपली वाटतं," ती म्हणाली, जणू चहाची पत्ती.

"थांब, लावतो." त्याने मांडीखालून प्लग काढला. तो कुठून निघाला हे तिने पाहिलं आणि खिडकीबाहेर नजर फिरवली. प्लग आत बसला, मशीन शांत झालं, आणि गाडीने ओळीने उचक्या द्यायला सुरुवात केली. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लांबच लांब भिंतीशी थोरोबाने ती कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं. आतून धग तोंडावर आली. पट्टा तुटला असेल, अशी त्याला वेडी आशा होती, कारण पट्टा तुटणं हा कुणाचा दोष नसतो. पट्टा जागेवर होता, ताठ, गरागर फिरत होता. त्याने बॅटरीच्या टोकांवरच्या पकडी हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. अल्टरनेटरच्या मागची वायर घट्ट होती. म्हणजे गॅरेजवाला म्हणाला तेच. आतले कार्बन झिजले होते, फिरत्या भागाला टेकत नव्हते. त्याला कुठेतरी ऐकलेलं आठवलं की वरून ठोकलं तर कधी कधी टेकतात. डिकीतून त्याने चाकाचा पाना आणला आणि पट्ट्यापासून हात जपत त्या गोल धातूच्या पाठीवर ठोकायला लागला. आधी हळू, मग जोरात. घाम डोळ्यांत उतरत होता. "चल," तो म्हणत होता, "चल ना, चल." आवाज चांगला नव्हता. तक्रारीच्या टेबलावर अशा आवाजात कुणाला काही सांगता आलं नसतं.

तो आत डोकावला तर दिवा विझला होता आणि हिरव्या आकड्यांत तेरा पूर्णांक आठ दिसत होतं. थोरोबाला हसू फुटलं. दाराला टेकून तो मोठ्याने हसला. मावशीही हसली, कशाला ते न विचारता. "जमलं का रे?" "जमलं!" त्याने बॉनेट आपटलं, गाडीत बसला, आणि रस्त्याला लागल्यावर त्याला एकदम बोलावंसं वाटलं, नर्सरीत ह्या वर्षी काय काय लावलं असेल, धाकोबाच्या टेम्पोला नवा रंग द्यायला हवा, असलं काहीबाही. कारखान्याची भिंत संपली. मग एक मोकळं माळरान आलं, आणि त्याच्या मध्यावर दिवा पुन्हा लागला. ह्या वेळी त्याने तो झाकला नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. स्टिअरिंग जड होत गेलं, इंजिनाने एकदा दम धरला आणि सोडला, आणि गाडी निव्वळ वेगावर, चाकांचा खर्र आवाज करत, कडेच्या खडीत जाऊन उभी राहिली. इतकी शांतता झाली की फक्त मशीन ऐकू येऊ लागलं. गाडी मेली होती, पण तिच्या बॅटरीत मशीन चालवण्यापुरतं काहीतरी उरलं होतं. किती उरलं होतं, ते सांगता येत नव्हतं.

"फोन कर त्याला," मावशी म्हणाली.

"कुणाला?"

"थोरोबा."

एवढंच. लहानपणी खोटं पकडलं की ती अशीच नुसतं नाव घ्यायची. तो खडीत थोडा लांब जाऊन उभा राहिला आणि त्याने फोन लावला. काय म्हणायचं ते त्याने ठरवलं होतं, सबब कुठून सुरू करायची, बायकोचं नाव कुठे आणायचं. पण धाकोबाने उचलल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "गाडी बंद पडली रे. मशीन गाडीवर आहे." पलीकडे क्षणभर पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज होता, मग तो थांबला. "कुठे आहात?" थोरोबाने सांगितलं. "मावशीला बोलायला लावू नकोस. निघालो," धाकोबा म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधीच त्याच्या टेम्पोचं दार लागल्याचा आवाज आला. तो खरोखरच निघाला होता. थोरोबा फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. निघालो म्हणून कुणी इतक्या लवकर निघू शकतं, हे त्याला जणू नवीन होतं.

गाडीत परत आला तेव्हा ऊन मावशीच्या मांडीपर्यंत आलं होतं. त्याने पायपुसणं काढून काचेत अडकवलं, वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायला लागला. तिचे ओठ जांभळट दिसत होते. मशीनचं ओढणं आता दमेकऱ्यासारखं झालं होतं. बोलू नकोस, असं त्याने सांगितलं, तरी ती थांबून थांबून बोलली. "चांगला घालतोस वारा." मग थोड्या वेळाने, "पंखा होतास का कुठे मागच्या जन्मी?" त्याला हसायचं होतं, पण गालच हलेनात. त्याचं सगळं लक्ष पुढच्या ओढण्याकडे लागलं होतं, आणि ह्या वेळी सुटकेमागून येणारं ते दुसरं काहीतरी आलं नाही. ते न आल्याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली. इतक्या उशिरा, इतक्या थोडक्यासाठी आपण स्वतःला शाबासकी देतोय. हिरवे आकडे विझले. मशीन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. मावशीने तोंड उघडून श्वास घेतला, मग दुसरा, शिडीच्या एकेका पायरीवर थांबावं तसा. थोरोबाने तिचा हात धरला. ती रस्त्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. बघता बघता त्याला दिसलं की म्हातारपण म्हणजे ही पिंजण आहे आणि आता कितीही फुंकर घातली तरी ती उडायची नाही. तो तिच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्र हलवत राहिला.

टेम्पो समोरून आला, मागे कुंड्यांची माती सांडत. धाकोबा उतरला तो हातात लहान सिलिंडर घेऊनच. पूर्वीचा, घरात कोपऱ्यात ठेवलेला. त्याने मावशीची नळी मशीनवरून काढून सिलिंडरला जोडली, चकती फिरवली आणि गुडघे टेकून तिच्या तोंडाकडे बघत बसला. त्याच्या चष्म्यावर पाण्याचे वाळलेले थेंब होते. ओठांचा रंग हळूहळू परतला तेव्हा तो म्हणाला, "काय गं, इतकी घाई झाली होती यायची?"

"हो बाबा," मावशी म्हणाली. दोन-तीन श्वास घेतले. "मीच मागे लागले ह्याच्या. मला करमेना तिथे. ती बिचारी सारखी म्हणत होती, राहा, राहा. मीच म्हटलं, मला माझ्या कुंड्यांकडे ने."

"असं होय!" धाकोबा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, अगदी मूल होऊन उजळला. थोरोबाला ते बघवलं नाही. टेम्पोतून नर्सरीच्या पंपाची बॅटरी काढून धाकोबा गाडीत बसवायला लागला. थोरोबा शेजारी नट हातात धरून उभा. काढायची ती वायर आधी काळी, लावायची ती आधी लाल, एवढंच बोलणं चाललं होतं. आपण चांगलं म्हणवून घ्यायचं, तेही तिच्या उसन्या श्वासावर, हे थोरोबाला आता सोसेना. तो म्हणाला, "ती खोटं बोलतेय."

धाकोबाने मान वर केली नाही.

"ती नव्हती मागे लागली. मी आणली. आमच्या हिचंही नाव उगाच पुढे केलं, ही काही बोलली नव्हती. मलाच ते मशीन... मला झोप येत नव्हती. आणि वाटेत मी त्याचा प्लग काढला. गाडी चालावी म्हणून."

पाना धाकोबाच्या हातात होता. तो नट पिळत राहिला, घट्ट झाल्यावरही. मग म्हणाला, "बरं." आणि थोड्या वेळाने, "तो दुसरा नट दे." त्याच्या आवाजात राग नव्हता. चेहऱ्यावरचा उजेड मात्र गेला होता, आणि त्या जागी वयस्कर माणसाची थकलेली कातडी दिसत होती. हातांची माती पॅंटला पुसत तो टेम्पोतली जागा मावशीसाठी साफ करायला गेला.

थोरोबाला हलकं वाटत होतं. तो मावशीला उतरवायला वाकला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण उठली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात जे होतं ते त्याने तिच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"तुला काय वाटलं," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी बोलले मी?"

त्याला कळेना.

"तू काय आहेस ते मला माहीत आहे. तुझी लाज झाकून मला काय मिळायचंय?" ती थांबली, नळी नीट केली. "त्याच्यासाठी बोलले. आता तो मनात घोळवत बसेल, मावशी भावाच्या घरात नकोशी झाली, मी पाठवली म्हणून झाली. बायको दुखण्यात, आणि त्यात हे. मावशीला करमेना म्हटलं की संपलं असतं त्याच्यापुरतं. तुला हलकं व्हायचं होतं. झालास ना? चल, धर मला."

त्याने तिला धरलं. ती हाडांच्या मानानेसुद्धा हलकी होती. टेम्पोत बसवताना तिने धाकोबाकडे बघून नेहमीसारखं काहीतरी थट्टेचं म्हटलं, आणि धाकोबा उशिरा हसला. थोरोबाने मशीन उचलून मागे कुंड्यांच्या मध्ये ठेवलं, ते हलू नये म्हणून दोन्हीकडून गोणपाट कोंबलं. आणखी काही करण्यासारखं दिसेना.

"माझ्या मागे मागे ये," धाकोबा खिडकीतून म्हणाला. "एसी नको, काही नको. ही बॅटरी पंपाची आहे, जुनी आहे. मध्ये कुठे बंद करू नकोस, परत सुरू व्हायची नाही. सरळ दारात."

गाडी सुरू झाली. दिवा लागलेलाच होता. टेम्पो पुढे, तो मागे. मधूनमधून तो मागे पडला की टेम्पो हळू होई, आणि मागच्या काचेतून मावशीचं डोकं दिसे, डुगडुगणारं, एकदाही न वळणारं. वाटेत एके ठिकाणी फाटा होता, तिथून शहराकडे जाणारा रस्ता फुटत होता. वळायचं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. बायकोला फोन करून आधी तिला सांगावं, की मी तुझं नाव घेतलं होतं. पण तेही आता हलकं होण्यासाठीच असेल का, हे त्याला ठरवता येईना. जे सांगायचं त्याचीच चव गेली होती. खरं बोलल्यानंतर माणसाकडे काहीतरी उरत असेल, असं तो आयुष्यभर धरून चालला होता. खरं बोलणं तो पुढे ढकलत आला होता तेही काहीतरी शिल्लक ठेवल्यासारखं. आज ते खर्चून टाकलं, आणि खर्चलं ते भावाचं.

नर्सरीच्या फाटकातून टेम्पो आत गेला. थोरोबाने गाडी फाटकाबाहेरच, रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिला. आत धाकोबा आधी मशीन नेऊन भिंतीतल्या सॉकेटला लावून आला आणि आता मावशीला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या चढत होता. दार उघडं होतं. पुढच्या खोलीत पलंग खिडकीशी ओढलेला दिसत होता, त्यावर उशांचा ढीग. तो कुणी ओढला असेल? धाकोबाची बायको भिंतीला धरत, मग कुंड्यांच्या कठड्याला धरत, मग कशालाच न धरता फाटकापर्यंत आली. कमरेच्या पट्ट्याने ती सरळ काठीसारखी ताठ झाली होती, तिला वाकून खिडकीत बघता येत नव्हतं. तिचा चेहरा थोरोबाला दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता, फाटकावरचा.

"दादा," ती वरून म्हणाली, "बसलात काय असे? बंद करा ना गाडी."

"बंद केली तर परत सुरू व्हायची नाही," थोरोबा म्हणाला. त्याच्या लक्षात आलं की टेबलावरचा तो भरदार आवाज निघाला नाही. जो निघाला तो बारीक होता, आणि त्यात पुढे कसला दिलासा नव्हता.

"मग नको होऊ दे," ती म्हणाली. "मला वाकता येत नाही, आणि ह्यांना एकट्याने जमायचं नाही. मावशींची पाठ पुसायचीय. तुम्ही धरा, मी पुसते."

ती जायला वळली. वळायला तिला बराच वेळ लागला. थोरोबा तिच्या त्या लहान लहान पावलांकडे बघत होता. मग त्याने किल्ली फिरवली, आणि इंजिन थांबल्यावर आतून जे ओढणं-सोडणं ऐकू आलं त्याच्या दिशेने चालायला लागला.